पाण्याखालची आखणी

पाण्याखाली तोंडात नळी असते. बोलायची सोय नाही. त्यामुळे वर आलं की सगळे किस्से एकदम बाहेर पडतात आणि बोटीवर कुणी कुणाचं ऐकत नाही!

आम्ही चौघं. रोह्याच्या एका कंपनीतला मी, माझी बायको वैशाली, कंपनीचे सेफ्टीवाले सावंतकाका आणि माझा मित्र, पेणचा नंदूदादा. नंदूदादाचा गणपतींचा कारखाना. डोळ्यांची आखणी करावी तर त्यानंच, हे मी मित्र म्हणून नाही, गिऱ्हाईक म्हणून सांगतो. गेल्या वर्षी त्याचा हात थरथरायला लागला. डॉक्टरांना काही सापडेना. "डोळे दुसऱ्यानं काढायचे तर कारखाना कशाला? यंदा बंद!" म्हणाला. आम्हाला फार वाईट वाटलं, म्हणून त्याला उचलून थेट एका बेटावर स्कूबा डायव्हिंगला नेलं.

*

निघताना खांब गावच्या माझ्या सासूबाईंनी वैशालीला गाठलं.

"पाण्याखालनं आणणार काय गो?"

"काय नाय आई. बघून येणार."

"मंग आपली नदी काय वाईट हाय?"



*

पहिली डुबकी प्रवाळावर. नंदूदादा एका केशरी माशासमोर दहा मिनिटं ठाण मांडून! आमचे शिकवणारे सर खुणा करून दमले. वर आल्यावर म्हणाला, "हाच केशरी मी पितांबराला मारला असता, तर गिऱ्हाईक म्हणालं असतं, भडक झालाय!"

पाण्याखाली लिहायला प्रत्येकाला पाटी-पेन्सिल मिळाली होती. त्यानं आपली वैशालीला देऊन टाकली.

*

दुसऱ्या दिवशी बुडालेलं जहाज. सावंतकाका टाकी पाठीवर घेऊन बोटीच्या काठावर बसले आणि सरांना म्हणाले, "परमिट?"

"कसलं परमिट?"

"जहाजाच्या पोटात शिरायचं म्हणजे कन्फाइन्ड स्पेस, बंदिस्त जागा! लेखी परवाना पाहिजे, बाहेर एक माणूस पाहिजे."

रोह्याहून आणलेल्या परमिटच्या पुस्तकात सरांनी सही केली. बाहेरचा माणूस म्हणून काका स्वतःच थांबले. एवढ्या लांब येऊन जहाज आतून न पाहिलेले तेवढेच!

*

त्याच डुबकीत वर येताना, एकदम वर यायचं नसतं म्हणून, दोर धरून तीन मिनिटं थांबलो होतो. नंदूदादानं अचानक वैशालीकडची पाटी ओढली. हवा संपली की काय?

त्यानं गणपतीचे दोन डोळे काढले. रेघ कुठेही हललेली नाही. मला मास्कच्या आत रडू आलं आणि तिथं डोळे पुसायचीही सोय नाही.

बोटीवर त्याच्या हातात चहा दिला, तर हात पुन्हा थरथरला. अर्धा चहा मांडीवर सांडला. पाटीकडे बघत तो म्हणाला,

"काका, शाडूची मूर्ती पाण्यात किती टिकेल ते माझं मी बघतो. पण आखणीसाठी खाली न्यायची तर परमिट लागेल का?"

काकांनी परमिटचं पुस्तक उघडलं.

"मूर्तीची उंची बोल."