केशरबाईचं बंद झालेलं कार्ड

मला त्या भूपेंद्राची किळस येते, आणि हे मी त्याच्या तोंडावर सांगेन. केशरबाईचा धाकटा भाऊ तो, तिच्याच जिवावर वाढलेला. केशरबाई भेस्तानला आमच्या शेजारी भाड्यानं राहते. नवरा गेल्यापासून जवळच्या सचिन गावातल्या कारखान्यात साड्यांच्या घड्या घालते. बाईला हौस एकच, स्वतःच्या नावावर एक खोली.

पगार बँकेत जमा व्हायला लागला तसं बँकेनं तिला क्रेडिट कार्ड दिलं. त्याच सुमारास भूपेंद्राचं लग्न निघालं. आता बहिणीनं नाही म्हणायचं कसं? कार्ड गेलं त्याच्या हातात, आणि नवरदेवानं सुटापासून मंडपापर्यंत सगळं त्यावर उडवलं. मग हप्ते थकले. वसुलीवाले येऊन बसायचे ते हिच्या दारात. शेवटी बँक निम्म्या रकमेवर मिटवायला तयार झाली. ते निम्मेही हिनंच गळ्यातली पोत विकून भरले. कार्ड बंद झालं, आणि हा फुकट्या गल्लीभर सांगत फिरला की मी बहिणीचे निम्मे पैसे वाचवले.

मागच्या वर्षी पलीकडच्या गल्लीत एक खोली विकायला निघाली. केशरबाई कर्जासाठी बँकेत गेली, सोबत मी होते. साहेबांनी तिचा कर्जफेडीचा रिपोर्ट काढला. कार्ड बंद होऊन चार वर्षं झाली, तरी खातं तिथं होतंच, पूर्ण पैसे न भरता मिटवलेलं म्हणून. असं खातं सात वर्षं तरी दिसत राहतं, साहेब म्हणाले. उरलेली रक्कम भरली तर निदान शेरा बदलेल, मग कर्जाचं बघू.

ती भावाकडे गेली. पदर पसरला म्हणा ना. तर हा म्हणे, बँकेनं सोडलेले पैसे कोण मूर्ख भरतो? लाज कशाशी खातात ते तरी माहीत आहे का याला?

पुढचं ऐका. ती खोली यानंच घेतली. याचं नाव स्वच्छ ना, कर्ज झटक्यात मिळालं. परवा पेढे घेऊन आला, हिच्याच घरात ऐसपैस बसून चहा पिऊ लागला, आणि वर म्हणतो, "ताई, तूच राहा की तिथं. तुझ्याकडून भाडं कमी घेईन."

 केशरबाई उठून त्याच्यासमोर उभी राहिली.

"बँक सात वर्षांनी विसरेल, भूपेंद्र," ती म्हणाली. "मी नाही विसरायची."

मग तिनं त्याच्या हातातला अर्धा कप काढून घेतला आणि चहा मोरीत ओतला.