अस्तरातल्या गोळ्या

मास्तरांनी उभ्या आयुष्यात एकाही पोराला बाराखडी शिकवलेली नाही, तरी सगळा बाजार त्यांना मास्तर म्हणतो, कारण ते टेलर मास्तर. दुकान म्हणाल तर जिन्याखालची एक खोली. एका भिंतीला कटिंगचं टेबल, दुसरीला दोन मशिनं, आणि मधे जी जागा उरते तिच्यात गिऱ्हाइकाने हात वर करून उभं राहायचं. मापं घेताना मास्तर अखंड बोलतात. गप्प उभा असलेला माणूस पोट आत ओढून धरतो आणि मग कोट घट्ट झाला म्हणून भांडायला येतो, असं त्यांचं म्हणणं. बोलायला लावलं की पोट आपोआप खऱ्या जागी येतं.

पण मास्तरांची खरी ख्याती चोरखिशाची. कोट शिवायला टाका, न मागता आत एक चोरखिसा मिळणारच, आणि तो कुठे आहे ते मास्तर सांगणार नाहीत. एका वकिलांना आपला चोरखिसा कोट घेतल्यावर दोन वर्षांनी सापडला, तेव्हा ते पेढे मिळाल्यासारखे हसत दुकानात आले होते. मास्तर त्या दिवशी इतके खूश की चहा त्यांनीच पाजला. मास्तरीणबाई म्हणतात, यांना देवाने बुद्धी दिली ती सगळी अस्तरात दिली, वर काही उरली नाही. बाई दुकानात काजं-बटणं करतात, तेव्हा हे बोलायचा त्यांना हक्कच आहे.

चाळीसेक वर्षं टेबलाशी वाकून शेवटी मास्तरांच्या कमरेने राजीनामा दिला. मणक्यातली चकती सरकली होती. उभं राहिलं की डाव्या पायातून कळ निघायची ती थेट टाचेपर्यंत. डॉक्टरांनी जड गोळ्या दिल्या. घेतल्या की माणूस ताठ, नाही घेतल्या तर माणूस आडवा. आणि नेमकं तेव्हाच परदेशात नोकरीला असलेल्या लेकीने कळवलं की लग्न ठरलं, तिकडेच नोंदणी करतोय, तुम्ही दोघं या. फोनवर तिने एकच गोष्ट मागितली. सही करताना बाबांनी शेजारी उभं राहायचं. मास्तर म्हणाले, खुर्ची दाखवलीस तर याद राख, उभाच राहणार.

आता या एका वाक्यापायी त्या गोळ्या सोन्याहून मोलाच्या झाल्या. डॉक्टरांनी त्यांना बजावून सांगितलं होतं. ही गोळी साधी नव्हे, नशेच्या औषधांच्या जातीतली आहे, कित्येक देशांत तिच्यावर कडक कायदा आहे. खोक्यातच ठेवा, चिठ्ठी बरोबर घ्या, आणि निघण्याआधी त्या देशाच्या वकिलातीत विचारा, परवानगी लागते का ते. मास्तर हो हो म्हणत होते. खरं सांगायचं तर त्यांचं सगळं लक्ष डॉक्टरांच्या शर्टाच्या कॉलरकडे होतं. तिची एक बाजू दुसरीपेक्षा जराशी लांब होती, आणि असलं काही दिसलं की मास्तरांना पुढचं ऐकू येत नाही.

घरी येऊन त्यांनी आपली अक्कल चालवली. बॅग हरवते, खोकं चेपतं, अंगावरचा कोट मात्र कुठे जात नाही. म्हणजे गोळ्या चोरखिशात. पण पाकिटासकट ठेवल्या तर कोटाला फुगवटा येतो, आणि लेकीच्या लग्नाला फुगवट्याचा कोट घालून जायचं म्हणजे चाळीस वर्षांच्या इभ्रतीला काळं फासणं. मग मास्तरांनी एकेक गोळी पाकिटातून टचकन बाहेर काढली, अस्तराच्या आत बारीक नळ्या शिवल्या, एकेका नळीत गोळ्यांची रांग बसवली, आणि वरून असा टाका घातला की सुईलाही पत्ता लागू नये. कोट खांद्यावरून सरळ पडला. मास्तर आरशापुढे डावीकडे वळले, उजवीकडे वळले आणि स्वतःवरच खूश झाले. बाईंनी विचारलं, खोकी आणि चिठ्ठी कुठे आहेत? तर म्हणाले, टाकून दिली, कागद कोण वाहणार. बाई एवढंच म्हणाल्या की अति शहाणा त्याचा बैल रिकामा. पण भरल्या घरात निघायची गडबड, विषय तिथेच राहिला.

विमानात मास्तरांच्या शेजारी एक निवृत्त नर्सबाई होत्या. मास्तरांनी त्यांना लेकीचं सांगितलं, जावयाचं सांगितलं, कमरेचं सांगितलं, आणि मग त्यांच्याने राहवेना. कोटाची बाजू उघडून म्हणाले, यात माझी सगळी औषधं आहेत, ओळखा कुठे ते. नर्सबाईंनी औषधाचं नाव विचारलं. मास्तरांनी सांगितलं. नर्सबाईंच्या हातातला चहाचा कप तिथल्या तिथे थांबला.

त्यांनी आवाज खाली केला आणि सगळं नीट समजावलं. खोकं नाही, चिठ्ठी नाही, परवानगी नाही, आणि वर गोळ्या सुट्या करून कोटात शिवलेल्या. याला औषध नेणं म्हणत नाहीत, याला तस्करी म्हणतात. तिकडच्या यंत्रात दिसलं तर आधी अटक, मग विचारपूस, मग कोर्ट. तुमची लेक सही करेल तेव्हा तुम्ही कोठडीत असाल. एकच वाट आहे, कोणी विचारायच्या आत आपण होऊन जाऊन सांगा. तरी सोडतीलच असं मी म्हणत नाही.

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. गोळ्या विमानातच काढून टाकाव्यात म्हटलं तर कात्री नाही, ब्लेड नाही, आणि शिवण मास्तरांची. संडासात जाऊन त्यांनी नखाने उसवून पाहिली, दाताने ओढून पाहिली, एक टाका हलेल तर शपथ. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपल्या हाताला शिव्या घातल्या. परत येऊन बसले आणि मास्तरीणबाईंच्या कानात सगळं सांगून टाकलं.

उतरल्यावर सामान घेतलं आणि पुढे कस्टमच्या दोन वाटा आल्या. हिरव्या पाटीची वाट, सांगण्यासारखं काही नाही त्यांची. लाल पाटीची वाट, काही आहे त्यांची. हिरव्या वाटेच्या टोकाला काचेचं दार होतं, आणि दार उघडलं की पलीकडे हात हलवणारी लेक दिसत होती. मास्तरांच्या मनात आलं, माझा चोरखिसा आजवर कोणाला सापडलाय? वकिलाला दोन वर्षं लागली. दहा पावलं टाकली की पोर समोर. गोळ्या अंगावर, कंबर ताठ, उद्या लग्नात उभा. त्यांचा पाय तिकडे वळलासुद्धा.

बाईंनी बाही धरली. "तुम्ही जाऊन सांगा. जे होईल ते होईल, मी आहे."

मास्तरांनी लेकीकडे एकदा पाहिलं आणि लाल पाटीखाली जाऊन उभे राहिले.

टेबलामागे एक अधिकारीबाई होती. हसण्याबिसण्याच्या भानगडीत न पडणारी. मास्तरांनी एका दमात सगळं ओकून टाकलं, कमरेपासून कोटापर्यंत. तिने कोट काढायला लावला, हातमोजे घातले आणि अस्तरावरून बोटं फिरवली. काही लागलं नाही. परत फिरवली. परत नाही. आता सांगू नये, पण त्या क्षणीही मास्तरांच्या छातीत अभिमानाने एक गुदगुली झालीच. मग त्यांनीच बोट ठेवून जागा दाखवली.

"हे लपवण्यासाठीच शिवलंय," ती म्हणाली.

"नाही हो. पाकीट ठेवलं असतं तर कोटाला फुगवटा आला असता."

तिने मास्तरांकडे बघितलं. त्या टेबलाशी तिने तऱ्हेतऱ्हेच्या सबबी ऐकल्या असतील, पण फुगवट्याची सबब पहिल्यांदाच आली असावी. तिने ती त्यांना आणखी एकदा सांगायला लावली. मग कात्री उचलली आणि अस्तर मधोमध धरलं. मास्तरांच्या काळजाचं पाणी झालं. अटक राहिली बाजूला, ते हात जोडून म्हणाले की बाई, कापू नका, उसवा. खालून तिसरा टाका तोडा, म्हणजे सगळी शिवण सुटेल. तिने क्षणभर विचार केला आणि तिसऱ्या टाक्यावर कात्रीचं टोक लावलं. शिवण सरसर सुटली आणि गोळ्या टेबलावरच्या ट्रेमध्ये ओघळल्या. बाजूच्या टेबलावरचा अधिकारी उठून बघायला आला.

मग डॉक्टरांना फोन लागला. डॉक्टरांनी आधी खात्री दिली की माणूस खरा, दुखणं खरं आणि गोळ्याही मीच दिलेल्या, चिठ्ठीची प्रत लगेच पाठवतो. आणि मग स्पीकरवर, त्या सगळ्या खात्यासमोर, त्यांनी मास्तरांची अशी काही हजेरी घेतली की भीक नको पण कुत्रं आवर अशी गत झाली. अधिकारीबाईच्या ओठांचा कोपरा तेव्हा पहिल्यांदा हलला. मास्तरीणबाईंनी मात्र डॉक्टरांचा शब्द न् शब्द मान डोलावत ऐकला, भजन ऐकावं तसा.

पुढचं सगळं व्हायला बराच वेळ गेला. साहेबांना विचारणं झालं, गोळ्या मोजून लखोट्यात सील झाल्या, मास्तरांच्या सह्या झाल्या. शेवटी अधिकारीबाई म्हणाली की तुम्ही आपणहून आलात म्हणून खटला भरत नाही, लेखी समज देतोय. त्या हिरव्या वाटेने गेला असतात तर आज रात्रीचं जेवण सरकारी झालं असतं. गोळ्या मात्र जप्त. एकही मिळणार नाही. मास्तरांना कोट तेवढा परत मिळाला, अस्तर लोंबत असलेला. त्यांनी तो तसाच छातीशी धरला आणि तिला इतक्या वेळा धन्यवाद दिले की तिने शेवटी हाताने दार दाखवलं.

बाहेर लेक रडकुंडीला आली होती. तिला काय काय वाटून गेलं होतं. बाईंनी तिथेच, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गर्दीत, सगळी हकीकत नकलेसकट सांगितली. दातांनी उसवायचा प्रकार आला तेव्हा लेक बॅगेवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. जावईसुद्धा हसला, पण बेताने, नवा होता बिचारा. मास्तर म्हणाले, हसा लेको, तुमच्या लग्नात बाप हातकडीसकट आला असता. आणि मग सगळ्यांपेक्षा मोठ्याने तेच हसत सुटले.

संध्याकाळी कमरेने हिशेब चुकता करायला घेतला. तिथल्या दवाखान्यात लेकीने नेलं, डॉक्टरने तपासून साध्या गोळ्या दिल्या आणि शेक घ्यायला सांगितला. पहिल्या गोळ्यांपुढे या म्हणजे तहानलेल्याला ओला रुमाल. मास्तर उताणे पडून छताशी बोलत राहिले. त्यांना वाकता येईना, तेव्हा कोटाचं अस्तर बाईंनी शिवलं. एवढे लांब लांब टाके घातले की दुसऱ्या कोणाचे असते तर मास्तरांनी सुई हिसकावून घेतली असती. त्या दिवशी त्यांनी नुसतं बघितलं आणि छान झालंय म्हणाले. बाईंना ते खोटं आहे हे माहीत होतं, तरी त्या खुलल्या.

सकाळी नोंदणी कचेरीत पोचेपर्यंत मास्तरांचा चेहरा पांढरा पडला होता. तिथल्या कारकुनाने बघितलं आणि आपणहून खुर्ची पुढे सरकवली. मास्तरांनी ती पायाने मागे ढकलली. लेकीने घातलेलं जॅकेट त्यांच्याच हातचं होतं, फिक्या निळ्या रंगाचं, महिनाभर खपून शिवलेलं. घरातून निघताना दोनदा इस्त्री फिरवून घेतली होती, गाडीत तिला टेकून बसू दिलं नव्हतं. मास्तर तिच्या डाव्या बाजूला ताठ उभे राहिले. कारकून मजकूर वाचायला लागला आणि पायातून कळ निघाली. मजकूर संपता संपेना. मास्तरांचा गुडघा थरथरायला लागला.

"बाबा, माझ्या खांद्यावर हात टाका," लेक हळूच म्हणाली.

मास्तरांनी त्या खांद्याकडे पाहिलं. "अगं, जॅकेट चुरगळेल."

"चुरगळू दे."

मास्तरांनी हात ठेवला. आधी नुसती बोटं, मग पंजा, मग कमरेचा सगळा भार. लेक तसूभरही हलली नाही. कारकुनाने पेन पुढे केलं आणि तिने तशीच, बापाला पेलून, सही केली.