एक इयरफोन

चाकणच्या आमच्या कंपनीत कॅमेऱ्याचा फोन आत नेता येत नाही. म्हणून मी बसमध्ये ऐकायला बोटाएवढा एमपीथ्री प्लेअर न्यायचे. दापोडीपासून शेजारी बसणारी मैत्रीण एक इयरफोन घ्यायची, दुसरा माझ्या कानात. ती सोबत असली की सिनेमाची गाणी. ती रजेवर असली की भावाने भरून दिलेली माझी भीमगीतं. असं का, हे मी स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं.

एकदा शिफ्ट सुटल्यावर गेटवरच्या नव्या वॉचमनने पर्समधून प्लेअर काढला. "पेनड्राइव्ह आहे हा. कंपनीची ड्रॉइंगं बाहेर नेता का, ताई?"

गाणी आहेत म्हटलं, तरी त्याने सिक्युरिटीच्या साहेबांना बोलावलं. साहेबांनी प्लेअर केबिनमधल्या कॉम्प्युटरला लावला. मागे अख्खी शिफ्ट खोळंबलेली, बस हॉर्न मारतेय, मैत्रीण माझा डबा धरून दारात. नोकरी जाते की काय, एवढंच माझ्या मनात.

साहेबांनी पहिलंच फोल्डर उघडून त्यातलं गाणं लावलं. केबिनभर ढोलकी घुमली आणि मागोमाग जयभीमचा घोष. रांगेतली कुजबुज थांबली. साहेब घाईने म्हणाले, "ठीक आहे, ठीक आहे. जा तुम्ही."

मला वाटलं, सुटले.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी नेहमीसारखा एक इयरफोन पुढे केला. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "नको गं, डोकं दुखतंय."

मी दोन्ही कानांत घातले आणि आवाज वाढवला. तिचं डोकं अजून रोज दुखतं.