तिसऱ्या रायफलीची पुंगळी

लढाई चालू होती तेव्हा मी पाचगणीच्या एका निवासी शाळेत कोठी सांभाळत होते. साबण, कंदिलाच्या काचा, चादरी, डोक्याचं तेल, खडू, सगळं माझ्या कुलपात. शाळेच्या नेमबाजीच्या तीन रायफलींची काडतुसंही त्यातच. काडतुसं दुर्मिळ होती, म्हणून नियम असा की मोजून द्यायची आणि उडवलेल्या रिकाम्या पुंगळ्या मोजून परत घ्यायच्या. त्यामुळे आठवड्यातून तीन सकाळी मी शाल पांघरून, डबा मांडीवर घेऊन मैदानाच्या कडेला बसलेली असे.

नेमबाजी शिकवायला एक निवृत्त हवालदार होते, कडेगावकडचे. नोकरीबरोबर त्यांना आवारातल्या दोन खोल्या मिळाल्या होत्या. त्यांच्या बायकोची छाती अधू होती आणि डॉक्टरांनी तिला पाचगणीच्या हवेतून हलवू नका म्हणून बजावलं होतं. गावी ऊस होता, भाऊ होते, पण ती हवा नव्हती. हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं.

थंडी पडली आणि तिसरी रायफल बिघडली. गोळी नीट सुटायची, पण बोल्ट, म्हणजे मागचा सरकता दांडा, मागे ओढला की पुंगळी बाहेर यायची नाही, नळीतच राहायची. एका सोमवारी वरच्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याने ती चाकूच्या टोकाने उकरून काढायचा प्रयत्न केला, आणि नेमके तेव्हाच मुख्याध्यापक फिरत आले. त्यांनी चाकू घेतला, विद्यार्थ्याला वर्गात पाठवलं आणि हवालदारांना सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमची देखरेख ही अशी? शनिवारच्या सकाळपर्यंत ही रायफल नीट चालली नाही, तर दुसरा माणूस बघावा लागेल. पत्र मी लिहूनच ठेवतो."

मुख्याध्यापक बोलले की करत. मी त्याच दुपारी हवालदारांना कोठीत बोलावलं.

"काय काय बिघडू शकतं ते सांगा. मी लिहून घेते. एकेक खोडून टाकू."

"आवं बाई, बंदूक म्हंजे काय किराणा हाय व्हय, यादी कराया?"

"सांगा तर."

त्यांनी चार गोष्टी सांगितल्या. काडतुसं जुनी असतील, तर पुंगळी फुगून घट्ट बसते. काडतूस बसतं ते घर घाण असेल, तरी तेच. तिसरं, घराची कड ठेचली असेल. या काडतुसाची दारू बुडाच्या काठात असते, म्हणून आतली सुई काठावर आपटते. काडतूस न घालता चाप ओढला तर सुई सरळ घराच्या कडेवर बसते आणि तिथे पोचा पडतो. "म्हणून तर रिकामा चाप वडायचा न्हाई म्हंजे न्हाई, असं रोज वरडतो मी." चौथी गोष्ट बोल्टच्या टोकाची नखी. ती पुंगळीच्या काठाला धरते आणि ओढून आणते. ती झिजली किंवा तिचा जोर गेला, तर बोल्ट एकटाच मागे येतो.

मंगळवारी सकाळी नवीन खोक्यातली दहा काडतुसं दिली. सहा पुंगळ्या अडकल्या. हवालदारांनी त्या तोंडाकडून गज घालून ढकलल्या. काडतुसं खोडली.

त्यांनी घर रॉकेलने आणि ब्रशने घासलं, कोरडं केलं. मी चिंधी पाहिली, काळी आली होती. मला वाटलं, झालं काम. पण बुधवारी सकाळी दहातल्या पाच अडकल्या. बोल्ट काढून, घर रिकामं असल्याची दोनदा खात्री करून त्यांनी कडेवरून नख फिरवलं, मग माझ्याकडून भिंग मागून बघितलं. कड साफ होती. तिसरीही गोष्ट गेली.

हवालदार म्हणाले, "मग नखीच. आन् तसली नखी लढाईत कुठनं आणायची?"

दुपारी त्यांनी कोठीच्या ओट्यावर बसून बोल्ट हातात घेतला आणि एक रिकामी पुंगळी नखीखाली सरकवली. नखीने ती घट्ट धरली. बोल्ट उलटा केला, झटकला, तरी पडेना.

"आता बघा कशी इमानी झाली! सकाळी रुसती आन् दुपारी हसती. लय बघितल्या बंदुका, पर असली नखऱ्याची न्हाई."

मी यादीच्या कोपऱ्यात फक्त "दुपार: धरते" एवढं लिहिलं. कारण कळलं नव्हतं.

गुरुवारी पहाटे गारठा जास्त होता. मी त्यांना बोल्ट तसाच सुटा मैदानावर आणायला सांगितला. त्यांनी नखीखाली पुंगळी सरकवली तर ती पडली. पुन्हा लावली, पुन्हा पडली. त्यांनी नखी अंगठ्याने दाबली. ती दबली ती दबलीच, उसळून वर आली नाही.

"ही बगा. आत गेली, भायेर यायचं नाव न्हाई."

मी शालीला टोचलेली टाचणी काढून नखीच्या खाचेत फिरवली. टोकाला पांढरं, मेणासारखं काहीतरी आलं. बोटावर घेऊन चोळलं तसं ते विरघळलं. वास घ्यायची गरजही नव्हती, तरी घेतला. खोबरेल.

पाचगणीत हिवाळ्यात बहुतेक घरांत सकाळी तेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते, नाहीतर तेल बाटलीत दगड होऊन बसतं. मी स्वतः रोज कोठीच्या खिडकीत सहा बाटल्या ओळीने मांडत असे.

"हवालदार, याला खोबरेल कुणी लावलं?"

"मी. दुसरं हुतं कुठं? डब्यातलं बंदुकीचं तेल दोन बंदुकींनाच पुरलं. तिसरीला तुमीच बाटली दिली की."

मी दिली होती. दिवाळीच्या आधी, उकाडा असताना, त्यांनी तेल मागितलं आणि हाताशी होतं ते मी उचलून दिलं.

"अहो, पण थंडीत ते गोठतं हे तुम्हाला ठाऊक नाही?"

"आमच्याकडं डोक्याला बी करडईच. आन् पलटणीत हुतो ते वाळवंटात. तिथं काय गोठतंय?"

त्यांनी खोबरेलही आपल्या गावच्या तेलासारखंच धरलं आणि मी तेलाला तेल. शिवणयंत्राचं तेल माझ्याच फळीवर होतं, ते मला सुचलं नव्हतं.

त्यांनी बोल्ट सुटा करून रॉकेलमध्ये घातला, खाच काडीने कोरली, पुसली आणि शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब सोडला. जास्तीचं चिंधीने टिपून घेतलं. शनिवारी सकाळी गवतावर दव गोठलेलं असताना मुख्याध्यापकांसमोर वीस काडतुसं उडवली. विसाच्या वीस पुंगळ्या उडून माझ्या पायाशी पडल्या.

गोठलेल्या खोबरेलाचं हवालदारांनी सांगितलं, माझं नाव न घेता. "छान," मुख्याध्यापक म्हणाले. "म्हणजे हवालदारांनी चुकीचं तेल लावलं होतं तर. पुन्हा होऊ नये. या वेळेला पत्र थांबवतो."

थांबवतो, म्हणजे टेबलाच्या खणात ठेवतो. ते पत्र पुढच्या छोट्याशा चुकीला बाहेर आलं असतं. मी त्यांच्यामागे कचेरीत गेले आणि तेल मी दिलं, मी रोज ते गोठताना बघत होते, हवालदारांना ते माहीत असायचं कारण नव्हतं, असं उभ्याउभ्या सांगितलं.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"गुरुवारी कळलं. काल सांगायला हवं होतं. धीर झाला नाही."

त्यांनी खण उघडला, पत्र फाडलं आणि मला सांगितलं की कोठीतून काहीही बदली म्हणून द्यायचं असेल तर यापुढे त्यांना विचारून. वर्षभर मी विचारत होते, अगदी सुतळीसुद्धा.

हवालदार बाहेर व्हरांड्यात थांबले होते.

"बाई, कशापायी गेला आत? माझ्या नावावर ऱ्हायलं असतं तर काय झालं असतं?"

"पुढच्या वेळी गावी जावं लागलं असतं."

त्यांनी आपल्या खोल्यांकडे बघितलं. दारात त्यांची बायको उन्हाला बसली होती.

"व्हय," ते म्हणाले, "ते बी खरंच."