शेठची कातडी

माझ्या सासऱ्यांनी चाळीस वर्षं लोकांच्या कवळ्या बनवल्या. निवृत्त झाल्यावर माणसाने गप्प बसावं, तर यांनी बास जातीचे मासे पकडायच्या माश्या बांधायला घेतल्या. माशी म्हणजे काय, तर गळाच्या आकड्यावर सशाची लव, कातडीच्या पट्टीसकट, दोऱ्याने आवळायची. ती पाण्यात हलते आणि माशाला भक्ष्य वाटते. मासा किती बिनडोक असावा! तरी दहा वर्षांत यांच्या गळाला लागलेले मासे मोजायला एका हाताची बोटं पुरतात, त्यातही अंगठा उरतो.

स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या कडेला आकडा धरून ठेवायचा त्यांचा छोटा शिकंजा कायमचा आवळलेला. पिठात लव, चहात लव. वर रोजचं प्रवचन.

"कातडीची पट्टी कात्रीने कापायची नसते, केस तुटतात. उलटी धरून मागून ब्लेड फिरवायचं. आणि दुकानातली पट्टी रंगवलेली असते, अगं. खऱ्या सशाची मजाच वेगळी."

मी हो हो म्हणत भाजी चिरायची. हे बोलताना त्यांची नजर मात्र कोपऱ्यातल्या पिंजऱ्याकडे जायची. तिथे माझ्या नऊ वर्षांच्या मुलीचा ससा. राखाडी, केसांच्या टोकाला पांढरी झाक, ढेरपोट्या, म्हणून नाव शेठ. दर रविवारी सासरे त्याला मांडीवर घेऊन विंचरत बसायचे. खाटकाचं प्रेम, असं मी नवऱ्याला म्हणायचे. तो पेपरातून मान वर करायचा नाही. शेवटी तोही त्याच बापाचा.

शेठ मेला तेव्हा मुलगी दोन दिवस धड जेवली नाही. "मी एकटा पुरून येतो, तिला नको दाखवायला," असं म्हणून सासरे त्याला बुटांच्या खोक्यात घालून परसात घेऊन गेले. एवढासा खड्डा, पण तासभर लागला!

आठवड्याने शिकंज्यात नवी माशी दिसली. राखाडी, टोकाला पांढरी. माझं डोकंच फिरलं. मुलगी रोज त्याच टेबलावर अभ्यास करते. तिला कळलं तर ती आजोबांचं तोंड पुन्हा बघणार नाही. पण आधी मला पुरावा हवा होता. तिची शाळा सुटायच्या आत मी खुरपं घेऊन परसात गेले.

खोकं हाताला लागलं. नाक दाबून झाकण उघडलं. आत मफलरची नीट गुंडाळी. ती सोडली, तर शेठ अख्खा होता, कानापासून नखापर्यंत. वारलेल्या सासूबाईंनी विणलेला मफलर. तो मला धुवायलासुद्धा सासरे देत नसत.

"आई?"

त्या दिवशी शाळा लवकर सुटली होती. मुलगी मागच्या दारात उभी, पाठीवर दप्तर, मुठीत ती माशी. "शेठला का बाहेर काढलंस?"

 तिच्या मागून सासरे आले. त्यांनी खड्डा पाहिला, खुरपं पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मीच सांगितलं होतं तिला," ते म्हणाले. "मफलर सुटला असेल तर नीट कर म्हटलं."

मुलीला ते पटलं. ती माशी दाखवायला माझ्याजवळ आली.

"बघ, आजोबांनी माझ्यासाठी केली. आकड्याचं टोक कापलंय, टोचत नाही."

"पण हे... शेठचे केस?"

"कंगव्यातले! कातडी कुठंय बघ." तिने माशी उलटी केली. खाली नुसते केस, दोऱ्यात पिळलेले. नऊ वर्षांच्या पोरीला कळत होतं.

"मी झाकू खोकं?" तिने विचारलं.

"आईला झाकू दे," सासरे म्हणाले. "तिचे हात मळलेच आहेत."