वाकलेली पट्टी

गडमुडशिंगीत आमच्या दोन खोल्या होत्या, पावसाळ्यात त्यातली एकच कोरडी राहायची. वडील गेल्यावर आई लोकांच्या रानात तण भांगलायला जायची. कोरड्या खोलीत मी अभ्यास करायचे आणि ओल्या खोलीत पोतं अंथरून मामा, म्हणजे आईचे भाऊ, झोपायचे. मामा सातवी शिकलेले. कागलच्या एमआयडीसीत फायबरचे पत्रे, म्हणजे रेझिनच्या चिकट रसात भिजवलेल्या धाग्यांचे एकावर एक थर, तापवून पक्के करायच्या भट्टीवर होते. घरातली पहिली पदवीधर म्हणून मी त्याच कारखान्यात इंजिनिअर लागले, तेव्हा माझं हेल्मेट त्यांनी स्वतः पुसून हातात दिलं.

दीड महिन्यापूर्वी मामा गेले... तेव्हापासून एकच गोष्ट आठवतेय.

पहिल्याच वर्षी मी थर आखून दिलेले पत्रे भट्टीतून सपाट निघाले आणि गार होता होता पन्हाळीसारखे वाकले. सगळी खेप वाया. मालकांनी विचारलं तर मी सांगून मोकळी, "भट्टी लवकर उघडली असणार." मालक म्हणाले, उद्यापासून मामांना पॅकिंगला घाला. मामा तिथंच उभे होते. हातमोजे काढून त्यांनी खिळ्याला अडकवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पॅकिंगला जायच्या आधीच, भट्टीवरून मामांची हाक आली. "या, इंजिनिअरीणबाई." वाकलेल्या पत्र्याची एक पट्टी कापून त्यांनी भट्टीत ठेवली. तापेल तशी ती काचेआड सरळ होत गेली. बाहेर काढली, गार झाली, परत वाकली.

"दार कवाबी उघड, ही वाकणारच की! गार हुताना रेझिन आवळतंय, धागा लांबीला आवळत न्हाय. तू वरचा थर उभा घातलास, खालचा आडवा. दोघं एकमेकाला वढत्यात. मधल्या थराच्या वर जसं, तसंच खाली घाल. वढ आत ऱ्हाईल, पर पत्रा वाकायचा न्हाय."

त्या ओढीची गणितं मी कॉलेजात सोडवली होती. हाताला ती कधी लागली नव्हती.

"मग काल का बोलला नाहीत, मामा?"

"चारचौघांत तुझं नाक कापू व्हय?... आता मालकाला तूच सांग."

सांगितलं. सगळ्यांसमोर. मामा निवृत्त होईपर्यंत भट्टीवरच राहिले.

ती पट्टी माझ्या टेबलावर आहे, बोट लागलं की डुलते. परवा आजवरचा सगळ्यात लांब पत्रा आम्ही भट्टीतून काढला. पुरता गार झाल्यावर, मामा बघायचे तशी, या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणून बघितली.

पत्रा सपाट होता.