पाठ वर, पोट वर

बातमी आली तेव्हा मी बँकेच्या एस्प्लनेड शाखेत एका ग्राहकाची समजूत घालत होते. फोन बेहालाहून होता, करंदीकरकाकांच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या शिप्रादींचा. "दीदी, करंदीकरदा आर नेई," करंदीकरकाका गेले, एवढंच त्या बंगालीत म्हणाल्या आणि रडू लागल्या. मी "बरं" म्हणाले... आणि समोरच्या ग्राहकाला सही कुठे करायची तेसुद्धा दाखवलं. अशा वेळी माणूस किती मूर्खासारखा वागतो. काका सकाळी चहा झाल्यावर कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसल्याबसल्याच गेले होते. मांडीवर विमानाचा रिमोट होता. त्याला आता सात आठवडे होतील. काकांबद्दल चार चांगले शब्द लिहायला बरेच जण आहेत. मला एक कबुली द्यायची आहे, म्हणून मी लिहायला बसले.

काका नोकरीसाठी इथे आले, सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले. काकू गेल्या, मूलबाळ नव्हतं आणि सांगलीला परत जायचं राहूनच गेलं. मी बदलीवर आलेली. नवरा आणि मुलगी नाशिकला. मराठी मंडळींच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत आमची ओळख झाली. त्यांनी माझं ना गाव विचारलं, ना आडनाव. "तुम्हाला चष्मा आहे का?" म्हणाले. मी नाही म्हटल्यावर, लांबचं नीट दिसतं का, तेही विचारून घेतलं. मला वाटलं, हे कुणाचं तरी स्थळ जमवताहेत. माझं वय सेहेचाळीस, त्यामुळे तोही प्रश्न नव्हता.

प्रश्न विमानांचा होता. काकांना रिमोटवर उडणाऱ्या विमानांच्या कसरतींचं वेड होतं. आकाशात उभं वर्तुळ म्हणजे लूप, स्वतःभोवती गिरकी म्हणजे रोल, उलटं उड्डाण, असले नऊ प्रकार ओळीने, एकही न चुकता. विमान हवेत असताना नजर त्यावरून हलवता येत नाही, म्हणून उडवणाऱ्याच्या खांद्यामागे उभं राहून पुढचा प्रकार सांगणारं कुणीतरी लागतं. काकांना मात्र त्याहून जास्त काही हवं होतं. त्यांच्या डोळ्यांचा पडदा खराब होत चालला होता. कॉम्प्युटरवरचं विमान जवळ सरकून बसलं की दिसायचं, पण आकाशातलं म्हणजे नुसता काळा ठिपका. ते सरळ आहे की उलटं, हे कळायचं नाही. आणि तिथेच सगळी मेख असते. सरळ विमान वर न्यायचं तर रिमोटवरची दांडी मागे ओढायची, उलटं असेल तर पुढे ढकलायची. तिथे चूक झाली की विमान थेट जमिनीत. म्हणून त्यांनी विमानाची पाठ लाल आणि पोट पिवळं रंगवलं होतं, आणि आकाशाकडे काय आहे ते मी सांगायचं. "पाठ वर" किंवा "पोट वर". मग पुढचा प्रकार. मैदानावरच्या बाकीच्यांना मराठी कळत नव्हतं, त्यामुळे हे गुपित आमच्या दोघांतच राहिलं.

त्याआधी दोन महिने त्यांनी मला सिम्युलेटरवर बसवलं. हातात खराखुरा रिमोट, समोर पडद्यावर विमान. मी ते दर वेळी दहादा पाडायची. एक बटण दाबलं की विमान पुन्हा धावपट्टीवर उभं. पण काका ते बटण लगेच दाबू देत नसत. आधी सांग, का पडलं... मगच बटण. मी वैतागायची, तुम्ही मास्तर व्हायला हवं होतं म्हणायची. ते मला मॅनेजरीणबाई म्हणायचे आणि पोहे पुढे करायचे. पोह्यांत मटार भरपूर आणि मीठ कधीच पुरेसं नाही. नाशिकच्या फोननंतर रिकामा वाटणारा माझा रविवार त्या घरात भरून जायचा, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

दर रविवारी सकाळी आम्ही रिक्षाने जोक्यापलीकडच्या माळावर जायचो. पंख सोलापुरी चादरीत गुंडाळून माझ्या मांडीवर. मैदानावर काकांचा एकच नियम होता. एक प्रकार झाला की ते विमान सरळ रेषेत नेत आणि माझं सांगून होईपर्यंत पुढचं काही करत नसत. "तू बोल, मग मी करतो." सत्तरी ओलांडलेल्या माणसाने इतक्या विश्वासाने माझ्यावर विसंबावं, याची मला भीती वाटायची आणि अभिमानही.

त्या रविवारी ऊन विमानाच्या मागे होतं. मला रंग दिसलाच नाही. थांबा म्हणायला हवं होतं. मी अंदाजाने म्हणाले, "पाठ वर." होतं पोट वर. काकांनी दांडी मागे ओढली आणि विमान चहा पीत बसलेल्या लोकांपासून दहा पावलांवर जमिनीत घुसलं. कुणाला लागलं नाही. काका पुढे झाले, हात जोडून म्हणाले की आपला अंगठा घसरला. मी गप्प उभी राहिले.

आणि दुसऱ्या दिवशी मीच त्यांच्या घरी जाऊन म्हणाले, "काका, आता मैदान पुरे. तुमचे डोळे साथ देत नाहीत." चूक माझी आणि शिक्षा त्यांना. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बरोबर आहे तुझं," म्हणाले आणि पोहे करायला आत गेले. मैदान सुटलं तसं माझं जाणंही कमी झालं. आधी ऑडिट, मग मुलीची परीक्षा... खरं कारण एवढंच, की मला त्यांच्यासमोर बसवत नव्हतं.

सांगलीहून आलेल्या पुतण्याने जाताना कॉम्प्युटर माझ्याकडे आणून दिला. सिम्युलेटरमध्ये केलेली उड्डाणं साठवता येतात. मैदान सुटल्यानंतरची रोजची उड्डाणं त्यात होती. शेवटचं लावलं. लूप सुरेख झाला. मग विमान नुसतंच सरळ जात राहिलं. रोल झाला, पुन्हा तेच. पहिल्यांदा बघताना वाटलं, काका पुढचा प्रकार विसरत असतील. पण ते प्रत्येक प्रकारानंतर होतं, प्रत्येक दिवशी, अगदी तेवढंच अंतर.

मग एका संध्याकाळी मी तेच उड्डाण पुन्हा लावलं, खुर्ची रिकामी ठेवली आणि तिच्या मागे उभी राहिले. एक प्रकार संपवून विमान उलटंच एका रेषेत निघालं. मी मोठ्याने म्हणाले, "पोट वर. आता अर्धा रोल."

माझं बोलणं संपलं आणि विमान पलटलं.